पुढच्या तारखा

गेल्या महिन्यात एका पियानोवादकाच्या पुढच्या कार्यक्रमांची यादी मी माझ्या एका संगीतप्रेमी स्नेह्याला दाखवली. हा वादक जाझ वाजवतो, मुंबईत राहतो आणि त्या वाजवण्यावरच त्याचं घर चालतं. यादीत बारा तारखा होत्या. चार मंगळवार एका हॉटेलच्या लाउंजमध्ये, एकट्यानं. दोन शुक्रवार बेस आणि ड्रम्स घेऊन ट्रिओ. एक रात्र पुण्यात, दोन गोव्यात. एका गायिकेला साथ, एका लग्नाचं रिसेप्शन आणि एका शाळेत मुलांसाठी सकाळचं सत्र. स्नेह्यानं यादीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "अरे, इतक्या तारखा? म्हणजे हॉटेलात वाजवणारा दिसतो. मोठा असता तर वर्षातून दोनदा वाजवलं असतं आणि आपण तिकीट काढून गेलो असतो."

त्याच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं त्यानं ते सांगितलं आणि म्हणूनच मला राग आला. हे मत त्याच्या एकट्याचं नाही. घरी उत्तम स्पीकर असलेल्या, जुन्या रेकॉर्ड्स जिवापाड जपणाऱ्या, कान तयार असलेल्या माणसांच्या तोंडून मी ते वर्षानुवर्षं ऐकतो आहे. पुरतं मांडलं तर ते असं होतं: जाझमध्ये जे थोर घडायचं ते घडून गेलं आणि ते सगळं मुद्रित झालेलं आहे. आज हॉटेलात नि क्लबात वाजतं ते जेवणाबरोबरचं संगीत. लोक गप्पा मारत असतात, ग्लास वाजत असतात, तिथे कला कुठली? वाजवणारे तीच ती ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची गाणी वाजवतात. शिवाय हे संगीत आपलं नव्हेच. आणि ज्याला त्यात एवढा आनंद मिळतो त्यानं आनंदानं वाजवावं, पैशांची बोलणी कशाला?

यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

पुष्कळ तारखा असणं हा कमीपणा आहे असं मराठी माणसानं मानावं, हे मला सर्वांत जास्त खुपतं. वर्तमानपत्राचं आतलं पान उघडायचं आणि शिवाजी मंदिर दुपारी साडेतीन, गडकरी रंगायतन रात्री साडेआठ, असं बोटानं शोधायचं, यातच आपण लहानाचे मोठे झालो. नाटकाचं पुस्तक घरात आहे म्हणून प्रयोगाला न जाणारा नाट्यप्रेमी कुणाला भेटला आहे का? प्रशांत दामले यांनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये १२,५०० वा प्रयोग केला तेव्हा सबंध महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटला. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये ज्या तमाशाच्या फडाला जत्रांच्या सुपाऱ्या जास्त, त्या फडाचं वजन जास्त. वारंवार लोकांसमोर उभं राहणं ही आपल्याकडे कलावंताची कमाई समजली जाते. मग पियानोसमोर बसलेल्या माणसाच्या बाबतीतच ती लाज कशी होते?

आता ध्वनिमुद्रणाकडे येतो, कारण या मताचा सगळा भार त्यावर आहे.

अमेरिकन जाझ पियानोवादक थेलोनियस मंकची गोष्ट घ्या. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागायचं. १९५१ मध्ये मंक आणि त्याचा पियानोवादक मित्र बड पॉवेल बसलेल्या गाडीत अमली पदार्थ सापडले. मंकनं पॉवेलविरुद्ध तोंड उघडलं नाही. त्याला तुरुंगवास झाला आणि त्याचं कार्ड गेलं. पुढची सहा वर्षं आपल्याच शहरातल्या नावाजलेल्या क्लबांची दारं त्याला बंद होती. या सहा वर्षांत त्याच्या रेकॉर्ड्स मात्र निघत होत्या, आधी प्रेस्टिज कंपनीसाठी, मग रिव्हरसाइडसाठी. 'ब्रिलियंट कॉर्नर्स' १९५६ च्या अखेरीस मुद्रित झाली. मुद्रणानंच सगळं साधत असेल तर मंकला कशाची वाण होती? त्याच्याजवळ मुद्रण होतं. तारखा नव्हत्या.

१९५७ मध्ये कार्ड परत मिळालं आणि जुलैपासून फाइव्ह स्पॉट नावाच्या एका छोट्या क्लबात तो वाजवू लागला. एका रात्रीपुरता नव्हे, जुलैपासून वर्ष संपेपर्यंत. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता. तो त्याच वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या गटातून बाहेर पडला होता आणि हेरॉइनच्या व्यसनातून नुकताच सुटत होता. मंकच्या अवघड रचनांमधून वाट काढत कोल्ट्रेन आठवड्यामागून आठवडे तिथे उभा राहिला आणि त्यातून वेगळाच वादक होऊन बाहेर पडला. त्याची 'जायंट स्टेप्स' ही रेकॉर्ड त्यानंतर दोन वर्षांनी आली. मंकचं नाव सर्वतोमुखी झालं ते याच महिन्यांनंतर. १९६४ च्या फेब्रुवारीत तो 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता.

आता मला सांगा, त्या सहा महिन्यांतलं फाइव्ह स्पॉटमधलं मुद्रण आपल्याजवळ किती आहे? जवळजवळ नाहीच. स्टुडिओत केलेल्या मोजक्या रचना आहेत. नोव्हेंबरात हाच गट कार्नेगी हॉलमध्ये वाजला, त्याची टेप २००५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात सापडली तेव्हा जगभरचे रसिक हरखून गेले. पण क्लबातल्या त्या रात्री गेल्या त्या गेल्याच. त्या कुणाच्या वाट्याला आल्या? न्यूयॉर्कमधल्या त्या लोकांच्या, जे कामावरून सुटल्यावर तिथे जाऊन बसले. जे मुद्रित झालं तेवढंच घडलं, असं म्हणणाऱ्याला या सहा महिन्यांचा हिशोब द्यावा लागेल.

आणि जे मुद्रित झालं ते तरी कुठे घडलं? माझ्या स्नेह्याच्या कपाटात पियानोवादक बिल एव्हन्सची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही रेकॉर्ड आहे. पाहुणे आले की तो ती लावतो. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅन्गार्ड हे तळघर. बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि रात्री तीन, असे पाच सेट त्या दिवशी झाले आणि त्यांतून दोन रेकॉर्ड्स निघाल्या. कान देऊन ऐकलं तर सुरांच्या खाली ग्लासांची किणकिण ऐकू येते, कुणी बोलतंय, कुणी हसतंय. म्हणजे ज्याला तो बारमधलं वाजवणं म्हणून नाक मुरडतो, तेच तो घरी दिवे मंद करून ऐकतो. साठ वर्षांपूर्वीच्या ग्लासांचा आवाज चालतो आणि परवाच्या शुक्रवारचा चालत नाही, याला रसिकता म्हणायचं का?

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. एव्हन्सनं नंतर कित्येक महिने वाजवणं सोडलं होतं. त्या दुपारी व्हॅन्गार्डवरून जाताना 'पुढच्या वेळी ऐकू' म्हणून किती जण पुढे निघून गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हॉटेलचं नाव निघालं की लोकांचा आवाज जरा खाली येतो. पियानोवादक अहमद जमालनं आपला ट्रिओ घडवला तो शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये. बेसवर इस्रायल क्रॉस्बी, ड्रम्सवर व्हर्नेल फूर्निये. तिथेच, १६ जानेवारी १९५८ ला, त्यांनी ती मैफल मुद्रित केली जी शंभराहून अधिक आठवडे अमेरिकेच्या खपाच्या यादीत राहिली. तिच्यातलं आठ मिनिटांचं 'पॉइन्सियाना' ऐकून पाहा. किती कमी सूर वाजवायचे आणि कुठे गप्प राहायचं हे जमाल ज्या खात्रीनं ठरवतो, ती खात्री रात्रीमागून रात्र त्याच दोन साथीदारांबरोबर, त्याच खोलीत वाजवल्याशिवाय येत नाही. लोक बोलत असताना त्यांना गप्प करायचं, तेही आवाज न वाढवता, ही विद्या सभागृहात शिकता येत नाही. सभागृहात लोक आधीच गप्प असतात.

आणि मुंबईत राहणाऱ्यानं हॉटेलाला हिणवावं? या शहरात जाझ उतरलं तेच मुळी हॉटेलात. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक १९२० च्या दशकात शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीनं वाजवत होता. तो आशियात आला, शांघायमध्ये राहिला, मुंबईच्या ताजमध्ये वाजवून मग कलकत्त्यात गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्यानं वारला. त्याच्यासारख्यांच्या शेजारी बसून आणि त्यांना ऐकून गोव्याची पोरं तयार झाली. चर्चच्या शाळेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून ती मुंबईला आली होती. हळदोण्याचा अंतोनियो शाविएर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, ताजमध्ये आपला वाद्यवृंद घेऊन ट्रम्पेट वाजवायचा. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवत होते. पुढे शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन त्यांच्या हातून झालं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस स्टुडिओत व्हायोलिन वाजवत आणि संयोजन करत. त्यांच्या शिष्यांत प्यारेलाल होते.

'आपलं संगीत नव्हे' या आक्षेपाला मी याहून वेगळं उत्तर देणार नाही. १९५१ चा 'अलबेला' आठवा. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. पडद्यावर भगवानदादा पालव. आणि वाद्यमेळात चिक चॉकलेट. तो आणि त्याचे वादक त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. गणपतीच्या मिरवणुकीत भगवानदादांची पावलं टाकत नाचणाऱ्या किती पिढ्या आपण पाहिल्या? त्या पावलांखालचा ठेका कुठून आला? तो ताजच्या नाचघरातून सिनेमाच्या स्टुडिओत आला. रात्री हॉटेलात वाजवणारी माणसं दिवसा तिथे वाजवत होती म्हणून आला. रात्रीच्या तारखांनी त्यांना मुंबईत टिकवलं नसतं तर आपल्या कानांवर काय पडलं असतं, याचा विचार करून मग परकेपणाची भाषा करावी.

आता 'तीच ती गाणी'. हा आक्षेप ऐकला की मला वाटतं, या माणसानं आयुष्यात यमन ऐकला नसावा. पण त्यानं तो ऐकलेला असतो. सवाई गंधर्व महोत्सवाला थंडीत शाल पांघरून बसलेला असतो आणि मारवा कुणाचा कसा यावर तासभर बोलू शकतो. मागच्या वर्षीच यमन झाला म्हणून गायकाला नावं ठेवणं त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

जाझमध्येही तसंच आहे. 'बॉडी अँड सोल' हे गाणं १९३० चं. आठ-आठ बारचे चार तुकडे, एकूण बत्तीस. पहिले दोन सारखे, तिसरा निराळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. वादक धून एकदा वाजवतो आणि मग त्याच कॉर्ड्सच्या वाटेनं, बत्तीस बारची आवर्तनं घेत, नवी धून रचत जातो. रागात स्वर ठरलेले असतात, इथे पायाखालची जमीन ठरलेली असते आणि ती सारखी हलत असते. कोलमन हॉकिन्सनं १९३९ मध्ये हे गाणं सॅक्सोफोनवर मुद्रित केलं, त्यात मूळ धून सुरुवातीच्या काही बारनंतर जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि ते आजही या गाण्याचं सर्वांत प्रसिद्ध रूप आहे. आर्ट टेटमनं हे गाणं पियानोवर वाजवलं, मंकनंही वाजवलं. दोघांचं शेजारी-शेजारी ठेवून ऐका आणि मग म्हणा की गाणं एकच आहे.

ज्या पियानोवादकाच्या यादीवरून हे सगळं सुरू झालं, त्याच्याकडून मी हे गाणं पाच-सहा वेळा तरी ऐकलं आहे. गाण्याचा तिसरा तुकडा अर्ध्या स्वरानं वर चढतो, खोलीत अचानक खिडकी उघडल्यासारखा. एका मंगळवारी तो त्या वळणावर नुसता थांबला. डाव्या हाताचा एक सूर धरून ठेवला आणि वरची पट्टी येतेय एवढंच सुचवून तो गप्प राहिला. पुढच्या शुक्रवारी ट्रिओमध्ये त्यानं तसाच थांबा घेतला, तर बेसवाल्यानं ती जागा हेरून खालून एक स्वतःची ओळ टाकली आणि तिघंही भलतीकडेच निघून गेले. मंगळवारी जे सुचलं ते शुक्रवारी वाढलं. तारखांची यादी मी या दृष्टीनं वाचतो. एक रात्र दुसरीला काय देते ते पाहायचं तर दोन्ही रात्री जावं लागतं. वर्षातून दोनदा वाजवणाऱ्याच्या हातून हे घडायचं कसं?

उरले पैसे. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त अन्याय इथे होतो आणि तो करणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

सनईवाला आपली सनई घेऊन येतो, व्हायोलिनवाला व्हायोलिन. पियानोवादकाला समोर येईल ते वाद्य वाजवावं लागतं. पियानोत सुमारे २३० तारा असतात. त्यांचा ताण लोखंडी चौकट पेलते, पण त्यांचा सूर टिकतो तो लाकडाच्या जिवावर. मुंबईच्या पावसाळ्यात ते लाकूड फुगतं, सूर सरकतात, पट्ट्या चिकटतात, तारांना गंज चढतो. जिथे वाद्याची निगा राखली जाते अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून हा माणूस बहुतेक ठिकाणी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, पंधरा-वीस किलोंचा कीबोर्ड, स्टँड, पेडल आणि वायरी घेऊन जातो. संध्याकाळच्या लोकलमध्ये ते घेऊन चढता येत नाही, म्हणजे टॅक्सी आली. पियानोवादक कीथ जॅरेटला १९७५ च्या जानेवारीत कोलोनला चुकीचा, लहान आणि खराब पियानो मिळाला, तरी तो वाजवायला बसला आणि अजरामर मैफल झाली, ही गोष्ट जाझप्रेमी डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मलाही ती प्रिय आहे. पण आपल्या गावात कामावर जाणाऱ्या पियानोवादकाची कोलोनची रात्र दर आठवड्याला असते, आणि तिची गोष्ट कुणी सांगत नाही.

मी एकदा त्याच्यासोबत एका ठिकाणी बोलणी करायला गेलो होतो. बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "सुरुवातीचे दोन महिने पैसे जमणार नाहीत, पण जेवण देऊ आणि तुमचं नाव होईल." या माणसाला वाजवायला लागून पंचवीस वर्षं झाली होती. तो काही बोलला नाही, नमस्कार करून उठला. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "बेसवाल्याला काय सांगू?"

त्या एका प्रश्नात सगळं आहे. पैसे कमी झाले की आधी ड्रमर जातो, मग बेसवाला, मग पियानोवादक एकटा उरतो, आणि शेवटी त्याच्या जागी मुद्रित संगीत येतं. म्हणजे पैसे तोडले की तोटा वादकाच्या खिशापुरता राहत नाही, संगीतच वेगळं होतं. कव्हर चार्ज पाहून दारातून परतणारा रसिक तीनशे-चारशे रुपये वाचवतो असं समजतो. प्रत्यक्षात तो त्या गटातला एक माणूस कमी करत असतो. फाइव्ह स्पॉटच्या मालकांनी सहा महिने चार माणसांना रोज रात्री पैसे मोजले, म्हणून मंकसमोर कोल्ट्रेन उभा राहू शकला. जुन्या काळी आपल्याकडे बिदागी हातात ठेवताना देणारा वाकायचा. ती रीत आपल्याला माहीत आहे, म्हणून आपला गुन्हा मोठा आहे.

तेव्हा मी परत तिथेच येतो आणि आता अधिक जोरानं सांगतो. त्या यादीतल्या बारा तारखा हीच त्या पियानोवादकाची कला आहे. ती आणखी कुठल्या कपाटात ठेवलेली नाही. त्याच्या हातून कधी थोर रेकॉर्ड निघाली तर ती या मंगळवार-शुक्रवारांच्या पोटी जन्मेल, आणि नाही निघाली तरी हे मंगळवार-शुक्रवार घडलेले असतील. शाळेतली सकाळही तितकीच खरी, जिथे एखादी मुलगी पियानोच्या पोटात डोकावून हातोड्या हलताना पहिल्यांदा पाहील. रिसेप्शनची रात्रही खरी, जिथे तो नवरीच्या आजीच्या आवडीचं जुनं हिंदी गाणं वाजवेल आणि त्याच्या कॉर्ड्स बदलून टाकेल. आजीला ते कळेल, असं मला अनुभवावरून वाटतं.

ज्याला हे संगीत खरंच आवडतं त्यानं यादी हातात घ्यावी आणि जावं. दाराशी पैसे द्यावेत. पियानोच्या डाव्या बाजूला बसावं, म्हणजे हात दिसतात. बेसचा सोलो सुरू झाला की गप्पांना ऊत येतो, तेव्हा आपण तरी बोलू नये. त्या वेळी टेबलावर फोन उजळलेला वादकाला दिसतो, हेही लक्षात ठेवावं.

पुढच्या शुक्रवारी रात्री नऊला ट्रिओ आहे. तोच बेसवाला, तोच ड्रमर, लागोपाठ तिसरा महिना. मी दोन खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत आणि त्यांतली एक माझ्या स्नेह्यासाठी आहे. तो येईपर्यंत ती मी कुणाला देणार नाही.